खपलीचं पुस्तक

आमची आत्या चित्रं जमिनीवर पालथी पडून काढते. तिच्या खोलीत तिरक्या फळीचं चांगलं टेबल आहे, पण त्यावर कायम न घडी केलेले कपडे असतात. ती कागद फरशीवर पसरते, छातीखाली उशी घेते आणि पाय मागे वर करून हलवत राहते. निवृत्तीला आलेली बाई अशी पडलेली पाहून नवखा माणूस दारातच थबकतो. एकदा गॅसवाला "बाई, पडलात का?" म्हणत धावत आत आला होता. आत्या मान न वळवता म्हणाली, "नाही, अजून उठलेच नाहीये."

माझ्या बाबांची ही थोरली बहीण. आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहते. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करते आणि बहुतेक वेळा करपवते, मग नाइलाज झाल्यासारखं दाखवत खाली आमच्याकडे जेवायला येते. बाबा तिला लहानपणापासून घोरपड म्हणतात. झाडाला चिकटली की हाका मारून घसा बसला तरी खाली यायची नाही, म्हणून ते नाव पडलं. पुढे झाडं सुटली, चिकटणं राहिलं.

तिची नोकरी एका प्रकाशनात. तिथे शाळांसाठी अभ्यासाची मार्गदर्शकं आणि भिंतीवर लावायचे तक्ते निघतात. पचनसंस्था, फुलाचे भाग, वाहतुकीचे नियम हे सगळं तिच्या हातचं. तिचा सर्वांत चाललेला तक्ता म्हणजे 'चांगल्या सवयी'. त्यातली मुलं दात घासतात, नखं कापतात, रांगेत उभी राहतात आणि हे सगळं करताना हसतात. असं हसत नखं कापणारं पोर मी तरी कुठे पाहिलेलं नाही. आत्यानेही पाहिलेलं नव्हतं. "जन्मभर भांग पाडलेली मुलं काढली मी," असं ती एखाद्याने आपली उंची सांगावी तसं सांगायची.

अशा बाईला एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि समोर कवितांची चळत ठेवली. मालक भला माणूस. वडिलांनी उभा केलेला धंदा त्यांनी मार्गदर्शकांवर टिकवला होता, पण आपल्या नावावर एक तरी सुंदर पुस्तक असावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. मुलांनी बालपणाचा आणि निसर्गाचा आनंद कसा घ्यावा, असा विषय. कविता त्यांच्या जुन्या गुरुजींच्या. प्रत्येक कवितेत हुकूम होते: झाडे पाहा, पाखरे ऐका, हिरवळीवर बागडा, आनंदी राहा. आत्या घरी येऊन म्हणाली की आनंदाचा एवढा गृहपाठ तिने आजवर कुठे पाहिला नव्हता.

पण केबिनमधून बाहेर पडताना मालक एक वाक्य बोलून गेले होते. शब्द जसेच्या तसे राहतील, चित्रं मात्र तुम्हाला हवी तशी काढा. त्यांनी ते सहज म्हटलं असावं. आत्याने ते गाठीला बांधलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत "तुम्हाला हवं तसं" हे तिला कोणी पहिल्यांदाच म्हणालं होतं, आणि निवृत्तीआधी असं दुसरं पुस्तक हाती येणार नाही हेही तिला पक्कं कळत होतं. हे एकच पुस्तक. ते तिला तिच्या मनासारखं हवं होतं.

बरेच दिवस ती नुसती पडून राहिली, पाय हलवत. मग तिला खपली सुचली.

पुस्तकात एक मुलगी. सुरुवातीच्याच पानांवर ती झाडावरून पडते आणि तिचा गुडघा फुटतो. पुढे गुरुजींच्या कविता आपल्या वाटेने चालत राहतात, पाखरं येतात, ढग येतात, ओढा येतो. आणि प्रत्येक चित्रात तो गुडघा असतो. आधी लाल, मग ओलसर तपकिरी, मग काळपट कडक, मग कडेने उचललेला. सुट्टीचे किती दिवस गेले ते कुठेच लिहिलेलं नाही, गुडघा सांगतो. शेवटच्या जोडपानावर खपली आपोआप गळून पडलेली आहे. मुलगी गवतात पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकून बघते आहे, आणि मुंग्या ती खपली ओढत नेताहेत. गुडघ्यावर नवी गुलाबी कातडी. मोठी माणसं पुस्तकभर फक्त गुडघ्यापर्यंत दिसतात, कारण जमिनीवरून तेवढीच दिसतात.

गुडघा तिने शेजारून उसना आणला. बाजूच्या घरात ढब्बी नावाने हाक मारली जाणारी एक पोरगी आहे. ती सायकलवरून पडली त्याच संध्याकाळी आत्या बिस्किटं घेऊन तिच्या दारात हजर. ढब्बीची आई आधी गहिवरली, मग आत्याने औषध लावण्याआधी रंग मिसळायला काढले तेव्हा तिचा चेहरा पडला. त्यानंतर ढब्बी एकाआड एक दिवस वर येऊन खिडकीत गुडघा ठेवून बसायची आणि आत्या तो रंगवायची. मध्येच एकदा ढब्बीने खाजवून खपलीचा कोपरा उडवला. कोणी काचेचं भांडं फोडल्यासारखी आत्या तिच्यावर ओरडली की माझी दोन पानं खाल्लीस. ढब्बी म्हणाली, "माझीच होती."

चित्रं झाली. आत्याने नमुना प्रत शिवली आणि ऑफिसात नेऊन ठेवली. तिथून रामायण सुरू झालं.

पहिले गुरुजी. त्यांनी पानं उलटली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले की माझ्या कवितेत मुलगी पडत नाही. आत्या म्हणाली, "तुमची कविता म्हणतच चढत होती ती. लक्ष नव्हतं." गुरुजी हसले, पण मनापासून नाही.

मग विक्री सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळं ऑफिस पाठीमागे हसतमुख म्हणतं. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की चित्रं अप्रतिम आहेत, एवढी खपली तेवढी काढा.

"खपली काढली की रक्त येतं," आत्या म्हणाली.

हसतमुखांचं हसू तसंच राहिलं, पण ते सरळ मालकांकडे गेले. आणि मालकांकडे तेव्हा एक मोठी गोष्ट जमत आली होती. शाळांच्या एका संस्थेने आपल्या सगळ्या वाचनालयांसाठी हे पुस्तक घ्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. चित्रं पाहून त्यांच्या निवड समितीने कळवलं: मुलीच्या पायात बूट असावेत, झाडाखाली एखादं मोठं माणूस उभं असावं, आणि जखम नसावी.

समितीपुढे जाताना मालकांनी गाडीत आत्याला सांगून ठेवलं होतं की बाई, तुम्ही फक्त हसा, बोलायचं मी बघतो. आत्या थोडा वेळ हसली. मग समितीच्या प्रमुख, संस्थेच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की जखमा पाहून मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो. आत्याने विचारलं, सुट्टी संपून मुलं येतात तेव्हा त्यांचे गुडघे पाहता का? बाईंनी सांगितलं, पाहतो, औषधही लावतो.

"मग लावा की औषध. पुस्तकातून गुडघाच कशाला कापता?"

खोलीत कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. त्यानंतर बरीच ओढाताण झाली. मुख्याध्यापिका काही दुष्ट नव्हत्या. मुलांना त्या रोज पाहत होत्या आणि पालकांची भाषणं रोज ऐकत होत्या. शेवटी त्यांनी बुटांचा आग्रह सोडला, मोठ्या माणसाचा सोडला, खपलीसुद्धा राहू दिली. राहिल्या त्या मुंग्या. मुलीच्या शरीराचा तुकडा मुंग्या खायला नेतात, हे किळसवाणं आहे, पोरं झोपेत दचकतील. त्या काढा, बाकी पुस्तक आम्हाला पसंत.

मालक परतताना जवळजवळ गाणं म्हणत होते. बाई, तुम्ही कमाल केलीत, खपली वाचवलीत. आत्या खिडकीबाहेर बघत होती. ऑफिस आल्यावर ती उतरली, दार धरून वाकली आणि म्हणाली की मुंग्या राहतील.

त्या दिवशी जेवताना आमच्या घरात तोच विषय. बाबांचं म्हणणं सरळ होतं. अख्खं पुस्तक मिळालं, ज्याची आशा नव्हती तेही मिळालं, आता त्यांच्या एका शब्दाला मान दे. दोन मुंग्यांसाठी हातचं घालवायचं, याला चिकाटी म्हणत नाहीत.

"सात आहेत," आत्या म्हणाली.

"सात तर सात. घोरपडीला मुंग्यांचा एवढा पुळका कधीपासून?"

आत्याने ताट बाजूला सारलं. तिला एरवी समजावून सांगता येत नाही, ती चिडते आणि वर निघून जाते. त्या दिवशी बसली. ती म्हणाली, "आजवर मी काय केलं सांगू? मागे झाडं-पाखरं पडद्यासारखी टांगली आणि पुढे पोर उभं केलं. निसर्ग पाहा म्हणे. ती पोरगी काय बाहेरून तिकीट काढून आलीये? तिचा कण मुंगी नेते, बिळात ठेवते, त्या दिवशी ती त्यात असते. ते पान काढलं तर ही नुसती सुट्टीतली पडझड आहे. मग तुमचा तो चांगल्या सवयींचा तक्ताच विका."

बाबांना ते पटलं नाही. आई आत्याला वन्सं म्हणते, हल्ली कोणी म्हणत नाही म्हणून मुद्दाम म्हणते. तिने आत्याचं ताट परत पुढे सरकवलं आणि बाबांना म्हणाली, "मुंग्या वन्संच्या आहेत. तुम्ही का चावून घेताय?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि एरवीपेक्षा हळू आवाजात बोलले. मुंग्या काढल्या नाहीत तर संस्था पुस्तक घेणार नाही. तुम्ही काढणार नसाल तर शेवटचं चित्र मी दुसऱ्या कोणाकडून करून घेईन, आणि मग पुस्तकावर तुमचं नाव कसं टाकायचं ते मला कळत नाही.

आत्या म्हणाली, "नाव काढा. मुंग्या ठेवा."

मालक म्हणाले, बघतो. आता, मालकांचं "बघतो" म्हणजे नाही, हे त्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि आत्याइतकं जुनं तिथे कोणी नाही. तरी त्या दिवशी तिने त्याचा अर्थ होय असा लावला. माणूस आपलं नाव देऊन टाकतो तेव्हा समोरचा ते घेऊन टाकेल आणि व्यवहार पुरा होईल, असं तिला वाटलं असावं.

पुस्तक छपाईला गेलं. त्यांच्या छापखान्यात एक रीत आहे. चित्रांचं पुस्तक असलं की चित्रकाराने मशीनपाशी जायचं. रंग जुळले की त्या पहिल्या कागदावर चित्रकार सही करतो, तो कागद मशीनशेजारच्या फळीवर लावतात आणि पुढचे सगळे कागद त्याच्याशी ताडून निघतात. सहीशिवाय मशीनमन पुढची छपाई सुरू करत नाही. हा मशीनमन आत्याच्याच वयाचा, कमी बोलणारा, जाड चष्म्याचा. सगळे तक्ते दोघांनी मिळून छापलेले, त्यामुळे भांडणंही पुष्कळ झालेली.

सकाळी आत्या पोचली तेव्हा कागद पसरलेला होता. तिने हिरवा पाहिला, लाल पाहिला, खपलीचा तपकिरी पाहून खूश झाली. नाव जागच्या जागी होतं. मग तिची नजर शेवटच्या जोडपानावर गेली.

मुंग्या नव्हत्या. खपलीही नव्हती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने ते सगळं सफाईने पुसून वर गवत भरलं होतं. फक्त मुलीला हात लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती तशीच पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकून, मोकळ्या गवताकडे बघत हसत होती.

"ताई, ही पोरगी बघतेय काय?" मशीनमनने विचारलं. त्याला खरंच पडलेला प्रश्न होता.

आत्याने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो बिचारा म्हणाला की मालकांनी सांगितलं तसं केलं, तुम्हाला विचारलंय असंच ते म्हणाले. तिने फोन ठेवला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. मशीनमनने पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही.

मशीन उभं राहिलं. रोलरवरची शाई सुकू नये म्हणून तो मधूनमधून मशीन रिकामं फिरवत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाला की ताई, तुमचं आणि मालकांचं काय असेल ते असो, मला मध्ये घेऊ नका. आत्या म्हणाली, घेत नाही. मग विचारलं की काळ्या रंगाची प्लेट चढलेलीच आहे ना?

तो काय समजायचं ते समजला. छपाईच्या प्लेटवर ओरखडा उठला की त्यात शाई बसते आणि प्रत्येक कागदावर तो ओरखडा उमटतो. हाताखालच्या किती पोरांना त्याने यावरून शिव्या घातल्या असतील. अंगठी घालून प्लेटजवळ येऊ नका, पट्ट्याचं बक्कल सांभाळा. आणि इथे एक शहाणी बाई त्याच्याकडे ओरखडा मागत होती.

"मालक मला उभा चिरतील," तो म्हणाला.

"तू चहाला जा."

"मशीन सोडून मी जात नाही."

तो तिथेच उभा राहिला. मग त्याने बटण दाबून सिलिंडर इंचाइंचाने फिरवला, शेवटच्या पानाची जागा समोर आणली आणि थांबवला. प्लेटवर चिकटलेला कण उचलायची एक सुई त्याच्या डब्यात असते. तो डबा त्याने उघडून फळीवर ठेवला. नंतर चष्मा काढला आणि पुसायला लागला. चष्म्याशिवाय आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, असं त्याने आत्याला मोठ्याने सांगून ठेवलं. तो चष्मा इतका स्वच्छ त्याआधी कधी झाला नसेल.

आत्या पायरीवर गुडघे टेकून बसली आणि प्लेटवर सुई चालवू लागली. आधी खपली, एक खरबरीत दाणा. मग एकेक मुंगी. हात थरथरला नाही का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, थरथरला, मुंग्यांना ते चालतं.

मशीन सुरू झालं. पहिल्या काही कागदांवर मुंग्या धुरकट आल्या, मग शाई बसली आणि त्या काळ्याभोर झाल्या. मुलगी आता कशाकडे हसते आहे ते दिसत होतं. आत्याने सही केली. मशीनमनने कागद फळीवर लावला, आणि मालकांना फोन केला. कळवणं माझं काम आहे, तो म्हणाला. आत्या म्हणाली, कळवलंच पाहिजे.

मालक आले तेव्हा कागदांची चळत गुडघ्याएवढी झाली होती. त्यांनी फळीवरचा कागद पाहिला. मशीनमनने मशीन थांबवलं आणि नवी प्लेट मागवायची का, उद्यापर्यंत येईल, असं विचारलं. मालक आत्याकडे वळले.

"कोणाला विचारून केलंत हे?" त्यांनी आत्याला विचारलं.

"तुम्ही काढताना ज्यांना विचारलंत, त्यांनाच."

"शाळांना मी काय सांगू?"

"सांगा, छापखान्यात मुंग्या झाल्या."

मशीनमन पुन्हा चष्मा पुसायला लागला. मालकांनी कागद फळीवरून काढून दारापाशी, उजेडात नेला आणि पाठ फिरवून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही आणि आत्याने विचारलं नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा रागाचाच होता. कागद त्यांनी स्वतः फळीवर लावला, टाचण्या जोरात दाबल्या आणि मशीनमनला म्हणाले, "चालव."

आत्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून तुम्ही तक्ते. पुस्तकांना हात लावायचा नाही."

"बरं," आत्या म्हणाली.

शाळांच्या संस्थेने पुस्तक घेतलं नाही. मालक आत्याशी पुष्कळ दिवस फक्त कॉम्प्युटरवाल्यामार्फत बोलायचे, एकाच खोलीत असले तरी. पुस्तक दुकानांतून सुटंसुटं जातं, हळूहळू जातं. गुरुजी मात्र भेटेल त्याला ते भेट देतात आणि मुलगी झाडावरून पडते ही कल्पना आपलीच होती असं सांगतात. आत्या सध्या 'रस्ता कसा ओलांडावा' हा तक्ता करते आहे.

परवा बाबांनी जेवताना तिला छेडलंच. म्हणाले, एवढ्या शाळा गेल्या, मालक दुरावले, हातून पुस्तकं गेली. खरं सांग, पश्चात्ताप होतो का?

आत्याने घास चावून संपवला. "होतो ना," ती म्हणाली. "सुई बोथट होती. एकाही मुंगीचे पाय नीट आले नाहीत."